म्हसवडचा मनसबदार

म्हसवड म्हटलं की सिद्धनाथाचा रथ आठवतो, फार तर माणगंगेचं कोरडं पात्र. पण इतिहासात हे गाव येतं ते एका खुनामुळे. जून १६९७. मारला गेला संताजी घोरपडे, आणि नाव लागलं म्हसवडचे देशमुख नागोजी माने यांचं. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत 'फितूर' म्हणून निकाल लागतो. मला तो निकाल चुकीचा नाही, अपुरा वाटतो.

नागोजी मुळात मोगलांचा मनसबदार. मनसब म्हणजे काय? दोन आकडे. 'जात' या आकड्यावर माणसाचा दरबारातला दर्जा आणि पगार ठरायचा, 'सवार' या आकड्यावर त्याने किती घोडेस्वार बाळगायचे ते. (आमच्या भाषेत, एकाच रेकॉर्डमधली दोन फील्ड्स!) रशियाच्या पीटरने सरकारी चाकरीच्या चौदा पायऱ्या ठरवल्या त्या १७२२ साली, आपल्याकडे अकबराच्या काळापासूनच हे चालू होतं. पगारापोटी जहागीर मिळे, पण ती दर काही वर्षांनी बदलायची. आज इथे तर उद्या भलतीकडे.

देशमुखी तशी नव्हे. ती वतन. बापाकडून मुलाकडे जाणारी, गावाच्या मातीला चिकटलेली. म्हणजे नागोजीला दोन मालक होते असं म्हणा ना: चाकरी पातशहाची, पण जीव म्हसवडच्या वतनात. आणि वतन त्याचंच टिकतं, ज्याची त्या मुलखात सत्ता असते. आता १६९० नंतर माणदेशात सत्ता कोणाची होती? सकाळी मोगलांची, संध्याकाळी मराठ्यांची!

राजाराम महाराज १६८९ च्या अखेरीस जिंजीला पोचले. खजिना रिकामा. शिवाजी महाराजांनी वतनांना आवर घातला होता, पण आता सरदार बांधून ठेवायला वतनांखेरीज हाती काही नव्हतं. जिंजीच्या वेढ्यातले मोगलांकडचे काही मराठे सरदार फुटून राजारामांकडे आले, त्यांत नागोजीही होता. तेव्हा त्याला कोणी फितूर म्हटलं नाही, बरं का.

मग संताजी. १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाला कोंडून त्याने मोगलांची झोप उडवली. लगेच १६९६ च्या जानेवारीत हिंमतखान मारला. पण शिस्त इतकी कडक की त्याचीच माणसं त्याला टरकून असत. धनाजी जाधवांशी बिनसलं, महाराजांशीही बिनसलं. धनाजीच्या बाजूने लढलेला अमृतराव निंबाळकर हाती लागला, तर त्याला हत्तीच्या पायी दिलं. हा अमृतराव नागोजीचा मेहुणा. पुढे फौज सोडून गेली आणि संताजी मूठभर माणसांनिशी माणदेशात आला. भीमसेन सक्सेना लिहितो की नागोजीने त्याला आसरा दिला, जेवू घातलं. पण भावाच्या खुनाने पेटलेल्या त्याच्या बायकोला ते सोसलं नाही. पाठलाग झाला आणि शंभू महादेवाच्या डोंगरात ओढ्यावर अंघोळ करताना संताजीचा घात झाला. खाफीखान मात्र थेट नागोजीनेच डोकं कापलं असं सांगतो.

मला भीमसेनाची हकीकत जास्त पटते, कारण त्यात नागोजी आधी पाहुणचार करतो. पण बायकोच्या सुडाआड नवऱ्याचा हिशेबही दिसतो. औरंगजेबाची छावणी तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे मंगळवेढ्याजवळ. काही दिवसांच्या वाटेवर. जुन्या धन्याची मर्जी परत मिळवायला याहून मोठा नजराणा कुठला? आणि मर्जी मिळाली की वतन सुरक्षित.

गंमत पुढे आहे (गंमत हा शब्द जरा विचित्रच इथे). खाफीखान म्हणतो, डोकं ठेवलेली थैली घोड्यावरून वाटेत पडली आणि फिरोजजंगाच्या माणसांच्या हाती लागली. ती पातशहाकडे घेऊन जाणाऱ्या ख्वाजा बाबा तुरानीला किताब मिळाला: खुशखबरखान.