दरसालची सुई

पुण्यात बनणाऱ्या गोवराच्या लशीतला विषाणू मूळचा बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाचा. १९५४ साली तो मुलगा आजारी पडला, डॉक्टरांनी त्याच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला, आणि त्याचेच वंशज आजही कुप्यांमध्ये भरले जातात. सत्तर वर्षे झाली, पण मूळ बदलावे लागलेले नाही. फ्लूच्या लशीच्या नशिबी हे सुख नाही. २०१६-१७ या हंगामाच्या लशीत चार विषाणू होते: ए/कॅलिफोर्निया/७/२००९, ए/हाँगकाँग/४८०१/२०१४, बी/ब्रिस्बेन/६०/२००८ आणि बी/फुकेत/३०७३/२०१३. आधी प्रकार, मग विषाणू जिथे सापडला ते ठिकाण, मग नमुन्याचा क्रमांक आणि शेवटी साल. ही यादी एका हंगामापुरती असते, पुढच्या हंगामासाठी ती नव्याने ठरते. (यांतला चौथा ज्या यामागाता कुळातला, त्या कुळाचा एकही विषाणू मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेला नाही. कोविडच्या घरबंदीत ते कूळ बहुधा बुडाले, आणि लस पुन्हा तीन विषाणूंची होऊ लागली आहे.)

‘मागच्या वर्षी सुई टोचून घेतली, तरी ताप आलाच की!’ फ्लूच्या लशीचा विषय निघाला की हे वाक्य येतेच. ते बोलणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणारे बरेच आहेत. पण या तक्रारीची वंशावळ लशीइतकीच जुनी आहे, आणि तिचे मूळ प्रयोगशाळेतच सापडते.

पहिली चूक तर विषाणू सापडायच्या आधीचीच. रिशार्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली फ्लूच्या रोग्यांच्या कफात एक जिवाणू पाहिला आणि हाच फ्लूचे कारण, असे जाहीर केले. पुढची चाळीस वर्षे त्या जिवाणूवर संशय घेण्यात आणि विश्वास ठेवण्यात गेली. त्याच काळात फ्लूची जागतिक साथ आली. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतले पोलीस शिपाई तापाने फणफणले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली तेव्हा ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच महिन्यांत अमेरिकेत फायफरच्या जिवाणूपासून आणि इतर जंतूंच्या मिश्रणांपासून बनवलेल्या लशी धडाधड टोचल्या जात होत्या. बहुतेक डॉक्टर सांगत होते की आमची लस गुणकारी आहे. ती तशी दिसतही होती, कारण ती टोचेपर्यंत साथ ओसरायला लागलेली असे. डिसेंबरात शिकागोला सार्वजनिक आरोग्यवाल्यांची परिषद भरली, तिथे काहींनी बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवले: लस दिलेल्यांची तुलना त्याच वेळी, त्याच ठिकाणी, लस न दिलेल्यांशी केल्याशिवाय कोणतेही श्रेय घेऊ नका.

खरा विषाणू सापडला तो कुत्र्यांच्या कृपेने. इंग्लंडमध्ये ‘द फील्ड’ हे शिकारी आणि शेतमळेवाल्यांचे नियतकालिक. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगावर संशोधन व्हावे म्हणून त्याने १९२०च्या दशकात निधी गोळा केला. त्या कामासाठी लंडनजवळच्या मिल हिल इथे मुंगसासारखे दिसणारे फेरेट पाळले होते. १९३३ साली संशोधक ख्रिस्तोफर अँड्र्यूज यांना फ्लू झाला. सहकारी विल्सन स्मिथ यांनी त्यांच्या घशाच्या गुळण्यांचे पाणी घेऊन ते फेरेटांच्या नाकात घातले. फेरेट शिंकू लागले, आणि मग खुद्द स्मिथ अंथरुणाला खिळले. त्यांच्या घशातून निघालेला विषाणू त्यांच्या आद्याक्षरांनी आजही ओळखला जातो: ए/डब्ल्यूएस/३३.

विषाणू मिळाला, पण तो वाढवायचा कशात? याचे उत्तर अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी आधीच शोधून ठेवले होते: कोंबडीचे गर्भ असलेले अंडे. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात फ्लूचा विषाणू अंड्यात वाढवला. आज जगात बनणाऱ्या फ्लूच्या बहुसंख्य लशी अजून अंड्यांतूनच निघतात.

पैसा आला तो मात्र लष्कराकडून. पहिल्या महायुद्धातला अनुभव ताजा होता, फ्लूने छावण्या रिकाम्या केल्या होत्या. १९४१ साली अमेरिकी लष्कराने टॉमस फ्रान्सिस यांच्या नेतृत्वाखाली आयोग नेमला. त्यांचा मदतनीस होता जोनास साल्क नावाचा तरुण, जो पुढे पोलिओच्या लशीमुळे घरोघरी पोचला. १९४३च्या हिवाळ्याच्या तोंडावर, विद्यापीठांत प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे साडेबारा हजार जवानांवर चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसते खारे पाणी. नेमकी साथही आली. लस घेतलेल्यांत शेकडा २.२२ आजारी पडले, न घेतलेल्यांत ७.११. शिकागोच्या परिषदेत मागितलेली तुलना पंचवीस वर्षांनी हाती आली, आणि ती लशीच्या बाजूने होती. १९४५ साली लस सैनिकांसाठी, १९४६ साली नागरिकांसाठी खुली झाली.

आणि लगेच, १९४७च्या वसंतात, ती नापास झाली. मिशिगन विद्यापीठात दहा हजारांवर जणांना लस दिलेली होती. त्यांच्यात शेकडा सात आजारी पडले, तर न घेतलेल्यांत शेकडा आठ. लस तीच होती, कारखानेही तेच होते. बदलला होता तो विषाणू. न्यू जर्सीतल्या फोर्ट मॉनमथ छावणीत सापडलेला नवा विषाणू लशीतल्या विषाणूला ओळख दाखवेना. फ्रान्सिस-साल्क यांनी हे अपयश न लपवता छापले, आणि तिथून ‘दरसाल नवी लस’ ही रीत सुरू होण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने लंडनमध्ये फ्लूचे जागतिक केंद्र काढले. पुढे देशोदेशीच्या प्रयोगशाळा त्याला जोडल्या गेल्या आणि आज पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाही या जाळ्यात आहे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी यादी ठरते. यादी ठरल्यावर लस बनायला सहा महिने लागतात, आणि त्या सहा महिन्यांत विषाणू काही थांबून राहत नाही. म्हणजे प्रत्येक हंगामाची लस हा जाणकारांनी, भरपूर नमुने पाहून केलेला, पण अंदाजच. तो जमला की लस शेकडा ४० ते ६० आजार टाळते. २०१४-१५ साली अमेरिकेत तो चुकला, आणि आकडा १९वर आला.

नावे दरसाल बदलतात तरी आतली माणसे फारशी बदललेली नाहीत. फ्रान्सिस यांनी १९३४ साली पोर्तो रिकोत एक विषाणू मिळवला होता. ए/पीआर/८/३४ नावाचा हा विषाणू अंड्यात भराभर वाढतो. साथीचे नवे विषाणू मात्र अंड्यात नाखुशीने वाढतात. एडविन किलबोर्न यांनी दोन्ही विषाणू एकाच अंड्यात घालून संकर काढला: बाहेरचे कवच नव्याचे, आतली जनुके १९३४ची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच तंत्र चालू आहे. दारावरची पाटी बदलत राहिली, वाडा त्याच पोर्तो रिकोवाल्याचा.

त्याआधी, १९५७च्या एप्रिलमध्ये, अमेरिकी विषाणूतज्ज्ञ मॉरिस हिलमन यांनी वर्तमानपत्रात हाँगकाँगमधल्या साथीची बातमी वाचली आणि नमुने मागवले. हा विषाणू साफ नवा आहे हे ओळखून त्यांनी कोंबडीपालनवाल्यांना निरोप धाडला: हंगाम संपला तरी कोंबडे कापू नका, अंडी लागणार आहेत. वर्षअखेरीपर्यंत चार कोटी मात्रा तयार झाल्या. भारतात तोवर हा विषाणू मे महिन्यातच सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून उतरला होता, आणि इथे नोंदलेले रुग्णच ४४ लाखांवर गेले. लस वेळेवर आली तर ती कोणाच्या वेळेवर, हा प्रश्न तेव्हाचा.

मग १९७६. फ्लूच्या लशीवर आज जो कोणी शंका घेतो, त्याच्या बोलण्यात हे साल कधी ना कधी डोकावते. फेब्रुवारीत न्यू जर्सीच्याच फोर्ट डिक्स छावणीत एक जवान दगावला. त्याच्यात सापडलेला विषाणू डुकरांच्या कुळातला, १९१८च्या विषाणूचा नातलग वाटणारा. २४ मार्चला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी साल्क आणि सेबिन या पोलिओच्या लशीतल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणून जाहीर केले की प्रत्येक अमेरिकनाला लस देऊ. लस बनवून साठवावी आणि साथ दिसली तरच टोचावी, अशीही सूचना होती. सेबिन पुढे त्याच मताचे झाले. पण बनवणे आणि टोचणे एकाच दोरीत बांधले गेले. विमा कंपन्या जोखीम घ्यायला तयार नव्हत्या, तेव्हा ऑगस्टमध्ये कायदा करून सरकारने ती आपल्या डोक्यावर घेतली. १ ऑक्टोबरला लसीकरण सुरू झाले. काही दिवसांतच पिट्सबर्गमध्ये लस घेतलेले तीन वृद्ध दगावले. संबंध लशीशी नव्हता, पण मथळे छापून झाले होते. फोर्ड यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर दंड पुढे केला. मग गियां-बारे या, हातपाय लुळे पडणाऱ्या विकाराचे रुग्ण दिसू लागले. लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण. साथ आली असती तर ही किंमत कोणी मोजलीही नसती. पण साथ आलीच नाही, विषाणू फोर्ट डिक्सबाहेर पसरलाच नाही. १६ डिसेंबरला मोहीम थांबली, तोवर सुमारे साडेचार कोटी दंडांवर सुई टेकून गेली होती.

जपानने वेगळा प्रयोग केला. फ्लूने मरतात म्हातारी माणसे, पण तो घरात आणतात शाळकरी मुले. तेव्हा मुलांनाच टोचा, असे धोरण १९६०च्या दशकात आले आणि १९७७ साली सक्तीचे झाले. माएबाशी शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेने मात्र १९७९ साली लसीनंतर एका मुलाला झटके आल्यावर शाळांतले लसीकरण बंद केले, आणि पुढची काही वर्षे आपल्या शहराची आसपासच्या लस देणाऱ्या शहरांशी तुलना केली. मुलांच्या आजारपणात म्हणण्यासारखा फरक दिसेना. पालकांचा विरोध वाढला, १९८७ साली नकाराची मुभा मिळाली, १९९४ साली कार्यक्रमच संपला. २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. त्याने मुलांकडे न पाहता एकूण मृत्यूंच्या हिवाळी आकड्यांकडे पाहिले, आणि निष्कर्ष काढला की लसीकरण चालू होते तेव्हा वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते. ४२० मुलांना लस दिली की एक जीव वाचत होता, बहुतेक करून कोणाच्या तरी आजी-आजोबांचा. या आकड्यांवरही आक्षेप आहेत. तरी माएबाशीच्या डॉक्टरांनी मोजले ते खरे आणि पुढच्यांनी मोजले तेही खोटे नव्हे, असे मानायला जागा आहे. एकाने टोचलेल्या मुलाकडे पाहिले, दुसऱ्याने त्याच्या घरातल्या खाटेकडे.

हाच तिढा वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात दिसतो. धडधाकट प्रौढांत एकाचा फ्लू टाळायला ७१ जणांना लस द्यावी लागते, असे त्यात निघाले. लसविरोधक हा आकडा फलकासारखा मिरवतात. पण धडधाकट चाळिशीतल्या माणसाचा हिशेब गरोदर बाईला, दम्याच्या रोग्याला किंवा सत्तरीतल्या मधुमेह्याला लावता येत नाही. आणि ‘सगळ्यांनी घ्या, फ्लू होणार नाही’ म्हणणाऱ्या जाहिरातीने तर त्या विरोधकांचे काम फुकटात करून दिले आहे.

महाराष्ट्रात ही लस घरगुती बोलण्यात आली ती २००९च्या ऑगस्टमध्ये. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, तोंडाला बांधायची फडकी आणि मास्क दुप्पट-तिप्पट भावाने खपले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने नाकात फवारायची ‘नेसोव्हॅक’ ही लस बनवली. तिचा पाया रशियन होता: १९५७ साली लेनिनग्राडमध्ये मिळालेला आणि थंडीत वाढवून सौम्य केलेला विषाणू, म्हणजे मद्रासला उतरलेल्या त्या साथीचाच भाऊबंद. लस २०१०च्या जुलैत बाजारात आली. १० ऑगस्टला जागतिक साथ संपल्याची घोषणा झाली.

पुढे २०१५ साली राज्य सरकारने गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या रुग्णांसाठी लस मोफत केली. देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात मात्र ती नाही, त्यामुळे खासगी दवाखान्यात हजाराच्या वर पैसे मोजणाऱ्यांपुरतीच तिची चर्चा राहते. डॉक्टर मंडळीही फार पुढे नाहीत. श्रीनगरच्या आरोग्यसेवकांच्या २०१३ साली छापलेल्या पाहणीत लस घेतलेले शंभरात पाचही नव्हते.

त्यात आपला एक खास घोळ आहे. भारत उत्तर गोलार्धात, म्हणून लस उत्तरेची, ऑक्टोबरात टोचायची, असे बरीच वर्षे सरसकट चालले. पुण्याच्या विषाणू संस्थेच्या सहभागाने देशातल्या शहरांचा काही वर्षांचा हिशेब मांडला गेला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. श्रीनगरमध्ये फ्लू हिवाळ्यात उसळतो, पण पुण्यासह बहुतेक शहरांत पावसाळ्यात. ऑक्टोबरात सुई घेणारा पुणेकर त्या वर्षीची लाट अंगावर घेऊनच रांगेत येतो, आणि पुढच्या जुलैपर्यंत लशीचा जोर उतरलेला असतो. म्हणून अभ्यासकांनी श्रीनगरला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि उरलेल्या बहुतेक शहरांना एप्रिल-मे सुचवला. त्या महिन्यांत ताजी मिळते ती दक्षिण गोलार्धासाठी बनलेली लस, त्यामुळे दवाखान्यात शिरणाऱ्या पुणेकराने आधी विचारायचे ते एवढेच: खोक्यावर कोणत्या गोलार्धाचे आणि कोणत्या सालचे नाव आहे.