पामचे दुखणे : आधी पान पाहावे

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीचा परिसर कोरड्या हवामानाचा. शिंदी, खजूर, बॉटल पाम अशा काटक वृक्षांना येथील ऊन सोसते. मात्र ते पिवळे पडले की सरसकट पाणी वाढवणे हा उपाय नव्हे. कोणते पान आधी बिघडले, हे प्रथम पाहावे.

जुनी, खालची पाने पिवळी वा टोकाकडून करपलेली असल्यास बहुधा पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडत असते. अशी पाने पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत. त्यांतील पालाश झाड नव्या पानांकडे वळवते. शेणखताबरोबर या अन्नद्रव्यांची खते द्यावीत.

कोवळी पाने फिकट, शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. साचलेले पाणी त्यात भर घालते. आळ्याचा निचरा सुधारून चिलेटेड लोहाची फवारणी करावी.

पाने त्रिकोणी कातरलेली दिसल्यास गेंड्या भुंग्याचा उपद्रव समजावा. शेंड्यातील छिद्रातून तारेच्या आकड्याने भुंगा काढावा, जवळचे शेणखताचे ढीग हलवावेत आणि पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू भरावी. बुंध्यातून तपकिरी द्राव आणि चोथा बाहेर येणे ही सोंड्या भुंग्याची खूण. तेव्हा कृषी विभागाचा सल्ला तातडीने घ्यावा.

मधला कोंब ओढताच निघून आला व दुर्गंधी सुटली, तर तो कुजला आहे. कुजका भाग काढून तेथे बोर्डो मलम लावावे. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच असतो; तो मेला की झाड वाचत नाही. म्हणून कोंबाची तपासणी सर्वांत आधी करावी.