शब्दाची सोबत

काही वर्षांपूर्वी भाषांतराचे पेपर तपासताना एक वाक्य माझ्यापुढे आले. मूळ मराठी वाक्य अगदी साधे होते : 'सावकार शेतकऱ्यांकडून भारी व्याज घेतो.' विद्यार्थ्याने त्याचे इंग्रजी केले, 'द मनीलेंडर टेक्स ग्रेट इंटरेस्ट इन द फार्मर्स.' बिचाऱ्याचा एकही शब्द कोशाबाहेरचा नव्हता. व्याज म्हणजे इंटरेस्ट, घेणे म्हणजे टेक, भारी म्हणजे ग्रेट. पण इंग्रज माणसाने हे वाचले तर त्याला काय कळेल? सावकाराला शेतकऱ्यांविषयी मोठी आस्था वाटते! ज्याची तक्रार करावयाची त्याचीच स्तुती होऊन बसली.

मी गुण कापले. पण चूक त्या मुलाची किती आणि आमच्या शिकवण्याची किती, हा प्रश्न काही मनातून गेला नाही. त्याला शब्द ठाऊक होता. शब्दाचे सोबती ठाऊक नव्हते.

इंग्रजीतल्या या 'इंटरेस्ट'ला निदान तीन अर्थ आहेत : व्याज, गोडी आणि हित. कोणता अर्थ घ्यावयाचा हे शेजारचा शब्द सांगतो. कर्जावरचे व्याज 'पे' करतात, सावकार ते 'चार्ज' करतो, ठेव ते 'अर्न' करते. त्याच्या मागे 'सिंपल' किंवा 'कंपाउंड' उभे राहते आणि पुढे 'ऑन' येते. गोडी मात्र 'टेक' करतात, 'शो' करतात, कंटाळा आला की 'लूज' करतात. तिच्यापुढे 'इन' येते. आणि 'पब्लिक इंटरेस्ट' म्हटले की तिथे व्याजही नाही, गोडीही नाही. ते झाले लोकहित. 'व्हेस्टेड इंटरेस्ट' म्हणजे हितसंबंध. नाम एकच, पण संगत बदलली की घर बदलते.

हे तीन अर्थ एका शब्दात आले कसे, याचीही कथा आहे. शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ मध्ये असणे, संबंध असणे. मध्ययुगात ख्रिस्ती धर्मपीठाने व्याजबट्टा हे पाप ठरवले होते. मात्र ऋणकोने वेळेवर पैसे परत केले नाहीत, तर धनकोचे जे नुकसान होई त्याची भरपाई मागण्याला मोकळीक होती. त्या भरपाईला हा शब्द लागला. पुढे इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या राज्यात, 1545 साली, शेकडा 10 पर्यंत व्याज कायद्याने चालू दिले. आवड किंवा कुतूहल हा अर्थ त्यानंतर पुष्कळ उशिरा, अठराव्या शतकात रूढ झाला.

आता कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच घोटाळ्याची. तसे मुळीच नाही, बरं का! आपल्या 'व्याज' शब्दाकडेच पहा. संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, सोंग, कपट. म्हणून तर निंदेच्या मिषाने केलेली स्तुती ती 'व्याजस्तुती', आणि कपट नसलेले प्रेम ते 'निर्व्याज प्रेम'. निर्व्याज प्रेम म्हणजे बिनव्याजी कर्ज नव्हे, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. का? तर 'निर्व्याज'च्या शेजारी त्याने प्रेमच ऐकलेले असते, आणि व्याज मात्र चढताना, आकारताना, फेडताना, बुडवताना ऐकलेले असते. मातृभाषेत ही सोबत कानाने आपोआप शिकली जाते. परक्या भाषेत ती मुद्दाम शिकवावी लागते.

ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती असती तर मी आपला वेळ घेतला नसता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख विशेषतः सावकारांच्या खतांवर आणि रोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 साली संपले आणि कापसाची तेजी ओसरली. त्यात सारावाढ झाली आणि कर्ज डोईजड झाले, ही कारणे आपण इतिहासात शिकतो. पण कागदच का जाळले, हेही ध्यानात घ्या. रोखा दुसऱ्याने लिहावयाचा आणि कुणब्याने खाली नांगराची निशाणी करावयाची, अशी रीत होती. व्याज म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक होते. रोख्यात त्या शब्दाच्या आजूबाजूला काय लिहिले आहे, हे मात्र त्याला बहुधा वाचता येत नसे. म्हणूनच 1879 च्या शेतकरी कायद्याने कोर्टांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सारा इतिहास तपासण्यास सांगितले.

आपल्याकडे इंग्रजी शब्दांची ओळख प्रथम कोशांनी करून दिली. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द होते. कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. मोल्सवर्थने शब्दाखाली त्याचे वाक्प्रचारही मोठ्या आस्थेने दिले आहेत. पण आम्ही शाळेत कोशाचे सार काढले ते 'एक शब्द, एक अर्थ' असे. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी, मध्ये उभी रेघ. त्या रेघेने सोबती तोडले.

विसाव्या शतकात ही उणीव ज्यांना जाणवली, त्यांतले बरेचजण आशियातलेच शिक्षक होते, हे विशेष. हॅरल्ड पामर यांनी टोकियोत 1933 साली इंग्रजी शब्दांच्या जोड्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. ढाक्यास शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांच्या 1953 च्या यादीत सुमारे 2,000 शब्द आहेत, आणि एकेका शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, तेही दिले आहे. लाहोरास प्राध्यापक असलेले फर्थ यांनी पुढे असे मांडले की शब्दाची पारख त्याच्या संगतीवरून करावी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे एके काळचे प्राचार्य वि. कृ. गोकाक हेही पुढे हैदराबादच्या मध्यवर्ती इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. इंग्रजी कसे शिकवावे, याच विचारासाठी ती संस्था 1958 साली निघाली होती.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा गावोगावच्या गुरुजनांना माझी एक विनंती. वहीतली ती उभी रेघ पुसा. नाम एकटे देऊ नका. त्याचे क्रियापद, विशेषण आणि पुढचे अव्यय यांसह द्या. 'इंटरेस्ट' नको, 'पे इंटरेस्ट ऑन अ लोन' द्या. आणि त्याच्या खालीच 'टेक ॲन इंटरेस्ट इन म्युझिक' द्या. दोन ओळी अधिक लागतील, पण जन्माची चूक टळेल.

आणि शेतकरी बांधवांसाठी एक हिशेब. 1,00,000 रुपये एका वर्षासाठी, शेकडा 12 दराने, 12 समान हप्त्यांनी फेडावयाचे आहेत. दरापुढे 'फ्लॅट' लिहिले असेल तर व्याज होते 12,000 रुपये, कारण फेडलेल्या रकमेवरही ते चालूच राहते. 'रिड्यूसिंग बॅलन्स' लिहिले असेल, म्हणजे उरलेल्या मुदलावरच व्याज असेल, तर ते होते सुमारे 6,600 रुपये. दर तोच, मुदत तीच. शेजारचा शब्द बदलला आणि 5,400 रुपयांचा फरक पडला!

सुप्याच्या कुणब्याला कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. तेव्हा सही करण्यापूर्वी व्याजाचा आकडा तर पहाच. पण त्याच्या शेजारी कोण उभा आहे, तेही विचारून घ्या.