काचेच्या पेटीपासून केनेबापर्यंत

दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ ‘काचेत ठेवले’ की घरातले सगळे एकच विचारतात, ‘डोक्याला काही झालं नाही ना?’ एके काळी डॉक्टरांनाही याचे उत्तर देता येत नसे. श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू मोजता येई. मेंदूपर्यंत त्यातला किती पोहोचतो, हे बाळाला पेटीतून न हलवता कळण्याची सोय नव्हती. ती उभी करण्यात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या वैद्यकीय भौतिकी विभागाचा वाटा फार मोठा आहे.

मूळ कल्पना अमेरिकेतली. ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले, की निकट अवरक्त प्रकाश डोक्यातून पार जातो आणि आतल्या रक्ताची खबर घेऊन बाहेर येतो. अंधारात बोटांमागे टॉर्च धरून पाहा, बोटे लालभडक दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकते, तांबडा निसटतो. तांबड्याच्या पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी दोघेही प्रकाश कमी शोषतात. शिवाय प्राणवायू घेतलेले आणि सोडलेले हिमोग्लोबिन इथे वेगवेगळ्या प्रमाणात प्रकाश अडवते. करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच फरकावर चालतो. पण तो बोटातल्या धमनीचे सांगतो, मेंदूचे नाही.

लंडनमध्ये ही कल्पना दोन माणसांच्या हाती पडली. ऑस्मंड रेनॉल्ड्स हे नवजात बाळांचे डॉक्टर, तर डेव्हिड डेल्पी भौतिकीतले. अकाली जन्मलेल्या बाळाचे डोके मुठीएवढे आणि कवटी पातळ, त्यामुळे एका बाजूने सोडलेला प्रकाश दुसऱ्या बाजूला पकडता येत होता. ड्यूकमध्येही नवजात बाळांवर काम सुरू झाले होते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या लंडनच्या निबंधाने आजारी बाळांच्या मेंदूतला प्राणवायू आकड्यांत मांडला.

पण आकडा म्हटला की अंतर आले. प्रकाश किती शोषला गेला यावरून रक्ताचा हिशेब करायचा, तर तो किती वाट चालला हे माहीत हवे. मेंदूत प्रकाश सरळ जातच नाही. धुक्यातल्या दिव्यासारखा तो विखुरतो, ठेचकाळत, वळसे घेत बाहेर येतो. डोक्याची रुंदी पट्टीने मोजून भागणार नव्हते. मग या मंडळींनी प्रकाशालाच घड्याळ लावले. लेसरचा अतिसूक्ष्म झोत सोडायचा आणि तो बाहेर यायला किती पिकोसेकंद लागतात ते टिपायचे. एका पिकोसेकंदात ऊतींमधून प्रकाश जेमतेम ०.२ मिलिमीटर जातो, यावरून कामाच्या बारकाईची कल्पना यावी. डेल्पींचा १९८८ चा निबंध याच पद्धतीचा. पुढे याच पद्धतीने कळले, की नवजात बाळाच्या डोक्यात प्रकाशाची वाट सरळ अंतराच्या चौपटीहून थोडी जास्त असते. हे मोजमाप मृत बाळांच्या डोक्यांवर झाले. जी वाचली नाहीत, त्यांनी पुढच्यांसाठी ठेवलेला हा आकडा आहे, आणि तो वाचताना मन जड होते.

त्याच वर्षी मेंदूतला रक्तप्रवाह पाळण्याशेजारीच मोजण्याची रीतही निघाली. श्वासातला प्राणवायू थोडा वाढवायचा आणि ती वाढ मेंदूत किती झपाट्याने दिसते ते पाहायचे. टोचायचे काही नाही. जपानच्या हामामात्सू कंपनीबरोबरच्या सहकार्यातून ‘निरो-१०००’ हे उपकरण १९८९ मध्ये बाजारात आले. पुढे लंडनमध्येच जेरेमी हेब्डन आणि सहकाऱ्यांनी बत्तीस वाहिन्यांचे यंत्र बांधले. त्याने अकाली जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे त्रिमिती चित्र काढल्याचा निबंध २००२ चा.

मला या वाटचालीत सगळ्यांत मोलाचे वाटते ते एकच : इथे यंत्र बाळाकडे जाते. एमआरआयसाठी बाळाला न्यावे लागते, निपचित ठेवावे लागते. प्रकाशाच्या तारा लावलेली टोपी मात्र आईच्या मांडीवरच घालता येते. म्हणूनच युनिव्हर्सिटी कॉलेजच्याच प्राध्यापक क्लेअर एल्वेल यांच्या पुढाकाराने ही टोपी पश्चिम आफ्रिकेत गांबियातल्या केनेबा गावी पोहोचली. बर्कबेक कॉलेजच्या सारा लॉइड-फॉक्स यांच्यासह झालेल्या तिथल्या पहिल्या कामाचा निबंध २०१४ मध्ये आला. पुढे ‘ब्राइट’ प्रकल्पात गांबियातल्या आणि केंब्रिजजवळच्या मुलांचा मेंदू जन्मापासून कसा घडतो, याचा पाठपुरावा झाला. कुपोषण वजनाच्या काट्यावर दिसते. मेंदूवर त्याची खूण कधी उमटते, हे शोधायला लंडनमधली प्रयोगशाळा पुरत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. फारच अकाली जन्मलेल्या १,६०१ बाळांपैकी निम्म्यांवर पहिले तीन दिवस मेंदूतला प्राणवायू याच तंत्राने पाहत उपचार केले गेले, तरी मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. मोजता येणे म्हणजे वाचवता येणे नव्हे. प्राणवायू पोहोचला, पण पेशीने तो वापरला का? इलियास ताख्त्सीदिस यांचा लंडनमधला गट पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराकडे पाहतो ते यासाठीच. योब्सिस यांचेही लक्ष मुळात याच विकरावर होते.

आपल्याकडे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये अनेकदा एकाच शहरात असतात. दोन्हींकडच्या तरुण मंडळींना एवढीच विनंती : एक दिवस नवजात अतिदक्षता विभागात एकत्र जा, काचेच्या पेटीपाशी उभे राहा आणि तिथल्या परिचारिकेला विचारा, ‘काय मोजता येत नाही?’