पाचवे पान

पोकरमधल्या अपुऱ्या डावाचे गणित साधे आहे. चार पाने बदामाची जमली, पाचवे आले की बाजी बहुधा आपली. शेवटचे पान उघडण्याआधी न दिसलेली पाने 46, त्यांत बदाम 9. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा. घालायच्या रकमेच्या चौपटीहून जास्त मध्ये जमले असेल, तर घालणे परवडते. स्पर्धेत मात्र सगळे लावून हरलेला उठून जातो. पान पुढच्या खेपेला लागेल, पण तो तिथे नसतो.

आमच्या जिल्ह्याचा कापूस असल्याच एका खेळात सापडला होता. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, भाव कडाडले. 1862 साली वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला तो या तेजीतच. हिंगणघाटची बनी तेव्हा नावाजलेली. नागपूरपर्यंत रेल्वे आली 1867 साली. तोवर पहिला टप्पा बैलगाडीचाच. गाडी रस्त्यात असताना भाव फिरला तर? व्यापाऱ्याचा अपुरा डाव तो हाच.

मुंबईत तर नुसते वायदेच चालले. लढाई लांबेल ही अटकळ काही वेडगळ नव्हती, माझ्या मते. वेड होते ते उसन्या पैशाने सर्वस्व लावण्यात. एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण आला, भाव कोसळले. 1 जुलैला वायदे पुरे करायचे होते. कित्येकांना ते जमले नाही. शेअर तारण घेऊन कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, आणि 1868 साली त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.