एक काडतूस आणि दोन बंदुका

अमेरिकेच्या पश्चिम भागाचा जो इतिहास आपल्याकडे पोचतो तो बहुतेक बोलपटांतून पोचतो. त्यांतला घोडेस्वार एका हातानें लगाम धरतो, त्याच्या कमरेला रिव्हॉल्वर असतें, खोगिराला रायफल अडकविलेली असते, आणि कमरपट्ट्यांतलीं काडतुसें दोहोंनाही चालतात. ही शेवटची गोष्ट मात्र कल्पित नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती खरोखर घडली, आणि तिच्या पोटीं एक अवघड प्रश्न जन्मास आला. दोन भिन्न जातींच्या हत्यारांना एकच अन्न घालावयाचें, तर तें कोणाला पचेल अशा बेतानें शिजवावयाचें? इतिहासकार बंदुकांविषयीं भरभरून लिहितात; बंदुकीच्या पोटांत जाणाऱ्या दारूची बोळवण ते एक-दोन ओळींत करतात. आमच्या मतें ह्या प्रकरणाचा खरा इतिहास त्या दारूचाच आहे.

ह्या घराण्याची मूळ रायफल म्हणजे १८६० सालची हेन्री. चापाभोवतीची कडी तरफेप्रमाणें खालीं ढकलून परत वर ओढली कीं रिकामें टरफल बाहेर पडे आणि नळीखालच्या लांबट कोठारांतून नवें काडतूस नळीच्या बुडाशीं असलेल्या घरांत शिरे. मात्र तिच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेंत भरलेला असल्यामुळें एकदा झाडलेलें टरफल पुन्हा भरतां येत नसे. १८७३ सालीं विंचेस्टर कारखान्यानें नवी रायफल काढली तेव्हां हा मसाला बुडाच्या मध्यभागीं बसविलेल्या लहानशा टोपींत गेला. जळलेली टोपी काढून नवी बसवावी, दारू घालावी, घरीं साच्यांत ओतलेली शिशाची गोळी तोंडाशीं दाबावी, कीं काडतूस पुन्हा तयार. जवळचें दुकान चार-पांच दिवसांच्या वाटेवर असणाऱ्या माणसाला ह्याचें मोल काय वाटलें असेल तें निराळें सांगावयास नको. कारखाना ह्या कामासाठीं गोळ्यांचे साचे आणि काडतुसें भरण्याचीं हत्यारेंही विकीत असे.

ह्या काडतुसाला चव्वेचाळीस-चाळीस म्हणत. पहिला आंकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शतांशांत आणि तोही ढोबळच. दुसरा दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्यें. गोळी २०० ग्रेनची. आपल्या जुन्या मापांत सांगावयाचें तर गोळी तोळ्याहून थोडी अधिक आणि दारू एकवीस गुंजांच्या आसपास. त्याच १८७३ सालीं कोल्टनें लष्करासाठीं जें रिव्हॉल्वर काढलें त्याचें काडतूस निराळें, पंचेचाळीसचें होतें. त्याच्या बुडाची कड इतकी अरुंद कीं रायफलीच्या आंकड्याला ती धड पकडतां येऊं नये. रिव्हॉल्वरांत टरफल दांड्यानें मागें ढकलून काढीत, म्हणून तेथें तें चाले. त्या शतकांत ह्या पंचेचाळीसची तरफेची रायफल निघाली नाहीं. तेव्हां जमवून घेण्याची पाळी रिव्हॉल्वरावर आली. १८७८ च्या सुमारास कोल्टनें विंचेस्टरच्या काडतुसासाठीं रिव्हॉल्वर बाजारांत आणलें, आणि ही सोय पुरी झाली.

ती इतकीं वर्षें निर्धोक कां राहिली? सारें श्रेय काळ्या दारूचें. (येथें दारू म्हणजे बंदुकीचीच, दुसरीनें त्या प्रांतांत जे पराक्रम केले तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) पाऊण हिस्सा सोरा आणि उरलेल्या पाव हिश्शांत कोळसा व गंधक, हें तिचें जुनें प्रमाण. ह्या सोऱ्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी जुंपली तेव्हां उत्तरेच्या सरकारसाठीं लामॉट द्यू पाँ हे इंग्लंडांत जाऊन जो सोरा खरीदूं लागले तो हिंदुस्थानचा होता, आणि त्या धंद्याचें माहेरघर बिहार. ट्रेंट जहाजाच्या प्रकरणावरून दोन्ही सरकारांचें बिनसतांच इंग्लंडनें तो माल रोखून धरला. बिहारांतल्या नोनिया मजुरानें मातींतून खरवडलेल्या सोऱ्यावर दोन राष्ट्रें हमरीतुमरीवर यावीं आणि त्याला मात्र त्याची गंधवार्ता नसावी, हें त्या काळच्या व्यापाराच्या रीतीला धरूनच होतें.

असो. काळी दारू जळली कीं तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होतां घनरूपानेंच उरतो. तोच धूर आणि तीच नळींत बसणारी काजळी. शक्तीच्या दृष्टीनें ती उधळीच. परंतु ह्या उधळेपणांतच तिचा मोठा गुण होता. टरफल गोळीच्या बुडापर्यंत भरल्याशिवाय तिच्याकडून पुरतें काम होत नसे, आणि तेवढें भरल्यावर आणखी घालण्यास जागा उरत नसे. माप टरफलांतच होतें. अक्षरशत्रु माणूससुद्धां मंद उजेडांत, थंडीनें कांपणाऱ्या हातांनीं काडतूस भरी आणि त्यांत घातक चूक करूं म्हटलें तरी त्याला करतां येत नसे. शिवाय भरलेली दारू गोळीला आंतून टेकू देई. कोठारांतील स्प्रिंगनें काडतुसें एकमेकांवर दाबलीं तरी गोळी टरफलांत सरकत नसे.

१८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्येय ह्या रसायनज्ञानें निर्धूम दारू सिद्ध केली. मागोमाग १८८७ सालीं नोबेलची आणि १८८९ सालीं इंग्रजांची कॉर्डाइट आली. त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत निर्धूम दारू अमेरिकेंतील शिकारीच्या काडतुसांत शिरली. तिची शक्ति इतकी एकवटलेली कीं त्याच टरफलाचा कांहीं भागच भरला तरी पूर्वीइतका वेग मिळे. उरलेली जागा रिकामी, आणि ह्या रिकाम्या जागेंत सगळा अनर्थ दडलेला होता. हातून चुकून दुप्पट दारू पडली तरी टरफल ती मुकाट्यानें पोटांत घेई. गोळीचा टेकूही गेला. कारखानदारांना टरफलावर गोळीच्या बुडाशीं खांच पाडून तिला अडवावें लागलें. जुन्या मापानें भरतां येईल अशी फुगीर निर्धूम दारूही कांहींनीं काढली, कारण लोकांची संवय सहजासहजीं सुटत नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. पण तीच संवय घेऊन माणूस दुसऱ्या डब्याकडे वळला कीं घात ठरलेला. माप टरफलांतून निघून तराजूंत गेलें.

आतां दारूची निवड हा शब्द खऱ्या अर्थानें लागू पडूं लागला. ती जोरदार किती एवढेंच पाहून भागत नाहीं. ती किती झटपट जळते हें पाहावें लागतें. रिव्हॉल्वरची नळी बहुधा साडेसात इंचांच्या आंत, रायफलीची वीस ते चोवीस इंच. झटपट जळणारी दारू आखूड नळींतच आपलें काम उरकते आणि लांब नळींत पुढें गोळीला फारसा रेटा देत नाहीं. सावकाश जळणारी लांब नळींत गोळीच्या पाठीशीं लागून राहते, पण आखूड नळींत तिचा बराचसा जोर ज्वाळेच्या रूपानें तोंडाबाहेर वायां जातो. दोघांचें एकाच काडतुसानें समाधान करणें ही तडजोडच. त्यांतच आणखी भर म्हणजे कोठारांत एका गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेलें असतें, म्हणून गोळी चपट्या नाकाची हवी. रिव्हॉल्वरच्या धक्क्यानें ती टरफलाबाहेर सरकूं पाहते आणि कोठारांतल्या दाबानें आंत, म्हणून टरफलाचें तोंड तिच्याभोवतीं नीट आवळलेलें हवें.

एवढ्यावर भागलें असतें. पण १८९२ सालीं विंचेस्टरनें जॉन ब्राउनिंग ह्यांनीं आखलेली नवी रायफल काढली. १८७३ च्या रायफलीची मागची पकड कोपराच्या सांध्यासारखी होती. काळ्या दारूच्या दाबाला ती पुरे. नवीत दोन उभ्या पोलादी खुंट्या अडसराप्रमाणें चढत, आणि ती पुष्कळ अधिक दाब सोशी. काडतूस मात्र जुनेंच ठेवलें. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या नव्या रायफलीसाठीं त्याच नांवाचीं, पण अधिक वेगाचीं काडतुसें निघालीं. आकारांत फरक नाहीं. १८७३ च्या रायफलींत तीं बसत, रिव्हॉल्वरांतही बसत. डब्यावर इशारा छापलेला होता. पण डबा फेंकला जातो आणि काडतूस खिशांत राहतें. छापील इशाऱ्यावर एवढा भरंवसा ठेवणें हें आम्हांला व्यापारी घाईचें लक्षण वाटतें. पितळाला जें सांगतां आलें असतें तें कागदावर सोंपविलें गेलें.

पितळाला सांगण्याची ही युक्ति पुढें सुचली, आणि ती हातानें काडतुसें भरणाऱ्यांच्या खटपटींतून. जॉन बार्लो ह्यांच्या आयडियल कारखान्याचीं चिमट्यासारखीं हत्यारें आणि माहितीपुस्तकें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच घरोघर गेलीं होतीं. १९३७ सालीं फिलिप शार्प ह्यांचा ह्या विषयावरील मोठा ग्रंथ निघाला. हर्क्युलिस कंपनीची २४०० ह्या आंकड्यानें ओळखली जाणारी सावकाश जळणारी दारू त्याच सुमारास हातीं आली. एल्मर कीथ हे शिकारी-लेखक तिच्या साहाय्यानें चव्वेचाळीस स्पेशल नांवाच्या रिव्हॉल्वर-काडतुसाची शक्ति वर्षानुवर्षें वाढवीत राहिले. अखेर १९५५ सालीं रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन ह्यांनीं चव्वेचाळीस मॅग्नम काढलें, तेव्हां त्याचें टरफल स्पेशलहून मुद्दाम सुमारें एक-अष्टमांश इंच लांब ठेवलें, कीं तें जुन्या दुबळ्या रिव्हॉल्वरांत शिरूंच नये. १९३५ च्या तीनशें सत्तावन मॅग्नममध्येंही हीच खबरदारी होती. १९६९ सालीं मार्लिननें ह्या चव्वेचाळीस मॅग्नमसाठीं तरफेची रायफल आणली, आणि एका काडतुसावर दोन हत्यारें ही जुनी हौस नव्या, भक्कम पायावर उभी राहिली.

चव्वेचाळीस-चाळीस मात्र मेलें नाहीं. इटलींत घडविलेल्या जुन्या रायफलींच्या प्रतिकृति घेऊन नेमबाजीचे खेळ खेळणारे लोक तें आजही झाडतात. कित्येक जण हौसेनें काळी दारूच भरतात आणि धुरांत उभे राहतात. अधिक वेगाचीं तीं काडतुसें कारखान्यांनीं पुढें बंद केलीं. आज कारखान्यांतून निघणारें चव्वेचाळीस-चाळीस सौम्यच भरलेलें असतें, कारण तें १८७३ च्या रायफलींत जाईल, १८९२ च्या जाईल, कीं एखाद्या जुन्या कोल्टमध्यें, हें भरणाऱ्याला कळण्याचा कांहीं मार्ग नाहीं.