वादळात छपराचे नुकसान : गृहविम्याचा दावा

वादळाने घराचे छप्पर उडाले, फुटले किंवा त्यावर झाड कोसळले, तर विमा कंपनीकडे भरपाई मागण्याची प्रक्रिया. भारतात 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांसाठी एकाच नमुन्याची पॉलिसी लागू आहे. चक्रीवादळ, पूर, भूस्खलन आणि झाड पडून होणारे नुकसान तिच्या कक्षेत येते. विम्याची रक्कम जमिनीची किंमत धरून नव्हे, तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावरून ठरते. ती कमी धरली गेली असली, तरी त्या प्रमाणात दावा कापण्याची जुनी अट या पॉलिसीत नाही. ही मोठीच सुधारणा आहे, आणि म्हणूनच आता दाव्याचा खरा कस नुकसानीच्या कारणावर लागतो.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. कौले आणि पत्रे उडाले, माड-पोफळी घरांवर आडव्या झाल्या. कोकणात अशी वादळे मे-जूनमध्ये येतात तेव्हा पाऊस तोंडावर असतो. सर्वेक्षक येईपर्यंत छप्पर उघडे ठेवा, हा सल्ला तिथे कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. पॉलिसीच नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी विमाधारकावर टाकते. तेव्हा ताडपत्री घालावी, मात्र त्याआधी आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत, फुटकी कौले आणि मोडलेले वासे आवारात राखून ठेवावेत, तात्पुरत्या डागडुजीची बिले जपावीत. कंपनीला लगेच कळवून दाव्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याने सर्वेक्षकाची पाहणी टळत नाही, पण तारखेचा पुरावा म्हणून त्याचे मोल आहे.

‘छप्पर मुळातच जुने होते’ हा कंपनीचा नेहमीचा आक्षेप पूर्णपणे खोटा नसतो. वर्षानुवर्षे झिरपून कुजलेला वासा ही वादळाची हानी नव्हे, आणि तिची भरपाई मागणे गैर आहे. पण छप्पर जुने होते एवढ्यावरून वाऱ्याने काहीच केले नाही, असे ठरत नाही. त्याच दिवशी शेजारची छपरे उडाली असतील, हवामान खात्याची नोंद असेल आणि मे महिन्यातल्या शाकारणीची पावती हाती असेल, तर वादळ हेच कारण मानणे न्याय्य ठरते. पाहणी करणारा सर्वेक्षक परवानाधारक असला, तरी त्याचा अहवाल म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. त्याची प्रत मागून घ्यावी आणि कपातीची कारणे लेखी घ्यावीत. मलबा हटवण्याचा खर्चही दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. अनेक जण तो मागायचेच विसरतात.

कपात पटली नाही, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. तिने ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे तिथे चालतात. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.